पाकिटावरचा माड काढून टाका

गोव्यातील छोट्या खाद्य-उद्योजकांची पाकिटे आणि त्यांची इन्स्टाग्रामवरील पाने मला कामानिमित्त सतत पाहावी लागतात. माल काजूचा असो, सोलांचा (आमसुलांचा) असो की मिरचीच्या पुडीचा, त्यावर माड, समुद्र आणि मावळता सूर्य ठरलेलाच. माझ्या मते हा प्रचार उद्योजकाचा कमी आणि पर्यटन खात्याचा जास्त आहे. किनाऱ्यावरच्या दुकानात परराज्यातून आलेल्या काजूच्या पाकिटावरही तोच माड असेल, तर ग्राहकाने सत्तरीतील बागायतदाराचा काजू ओळखावा कशावरून?

उत्तर बऱ्याच अंशी आपल्या हाताशी आहे. फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशाशी जोडलेल्या मालाच्या नावाला मिळणारी कायदेशीर ओळख, मिळाले. पुढे खोल्याची मिरची आणि हरमलची मिरची आली, 2023 मध्ये मानकुराद आंबा आणि बेबिंका ही थरांची मिठाई हेही आले. मानांकनाची बातमी आली की आपण अभिमानाने ती पुढे पाठवतो आणि तिथेच थांबतो. 1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्यानुसार मानांकनाचा अधिकृत वापर करायचा असेल, तर उत्पादकाला स्वतःची स्वतंत्र नोंदणी करावी लागते, ही गोष्ट त्या अभिनंदनाच्या गर्दीत कोणी सांगत नाही.

खोल्याच्या मिरचीचेच पाहा. काणकोणातील डोंगरउतारावर, केवळ पावसाच्या पाण्यावर ती पिकते आणि पाऊस ओसरू लागला की तोडून उन्हात वाळवली जाते. उतारावरची लावणी, भर पावसातली बेणणी, अंगणात पसरलेला लाल सडा आणि शेवटी हुमणाला (माशांच्या आमटीला) आलेला रंग, एवढे साध्या फोनवर टिपले तरी वर्षभराचा मजकूर तयार होतो, आणि तो कोणत्याही बाहेरच्या व्यापाऱ्याला नक्कल करून मिळणार नाही. त्याऐवजी आपण टाकतो काय, तर चवथीच्या शुभेच्छांचे कार्ड, ज्यात लोगो गणपतीपेक्षा मोठा असतो!

अर्थात हे हंगामातच करावे लागते. सोले एप्रिल-मे महिन्यांत, मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवली जातात. जुलैत आठवण झाली तर दाखवायला फक्त बरणी उरते. म्हणून चित्रण उन्हाळ्यात करून ठेवावे आणि ते पुढे पुरवून वापरावे.

मजकुराच्या भाषेबद्दलही थोडे सांगतो. पुरुमेंताच्या दिवसांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वर्षाची बेगमी करणारा ग्राहक मराठी-कोकणी वाचतो. त्याच्यासाठी दोन ओळीही न लिहिता सगळे इंग्रजीत लिहिणे मला अनाकलनीय वाटते. पाकिटावर उत्पादकाचा पत्ता, निव्वळ वजन, किंमत आणि महिना छापणे बंधनकारक असल्यामुळे तो मजकूर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कोंबला जातो. मी तर गावाचे नाव समोर, ठळक छापायला सांगेन.

मात्र ते गाव ब्रँडचेच नाव करू नये. केवळ भौगोलिक उगम दाखवणाऱ्या नावाला ट्रेडमार्कचे संरक्षण मिळणे कठीण असते, त्यामुळे नुसते ‘गोवन’ किंवा ‘कोकण’ लावून भागत नाही. स्वतःचे वेगळे नाव शोधावे, ते आधी कोणी नोंदवले आहे का हे ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर तपासावे, आणि हे सर्व हजारो पिशव्या छापायला देण्यापूर्वी करावे.