खरवडायच्या आधी

आमच्या गावच्या महादेवाच्या देवळाचा तेलरंग काढायचं काम सुरू आहे. भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज व्हिडिओ येतात. ग्राइंडरला तारेचा ब्रश, पिवळी धूळ, आणि खालून काळा दगड दिसला रे दिसला की नमस्कारांची रांग. २०२४मध्ये पंढरपूरला विठ्ठलमंदिरातल्या फरश्या नि ग्रॅनाइट काढून जुना दगड मोकळा केला, तेव्हापासून ‘मूळ रूप’ सगळ्यांच्या तोंडी बसलंय. ते काम पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली झालं, एवढं मात्र सोयीस्कर विसरतात.

मी राहतो इटलीत, फ्लोरेन्सला. इथल्या कॅथेड्रलचा घुमट ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने १४२० ते १४३६मध्ये बांधला. त्यानंतर शंभरावर वर्षं तो आतून कोराच होता. १५७२मध्ये वाझारी नावाच्या चित्रकाराने त्यावर अंतिम न्यायाचं, म्हणजे ख्रिस्ती कल्पनेतल्या स्वर्ग-नरकाच्या निवाड्याचं चित्र सुरू केलं, दोन वर्षांत तो वारला आणि झुक्कारी या दुसऱ्या चित्रकाराने १५७९ला ते पुरं केलं. सुमारे ३६०० चौरस मीटर रंगकाम! गावाला ते रुचलं नाही. याला चुना फासेपर्यंत फ्लोरेन्सचं रडगाणं थांबायचं नाही, असं तेव्हाच एका कवीने लिहून ठेवलं.

घुमटावर जायच्या ४६३ पायऱ्या चढताना वाटेत आतल्या सज्जातून जावं लागतं. तिथे नरक अगदी अंगावर येतो. खालून बेताची दिसणारी माणसं इथे राक्षसाएवढी, आणि रंगाचे फटकारे कुंचल्याचे म्हणावेत की केरसुणीचे! वाझारी ओल्या गिलाव्यावर रंगवायचा, रंग चुन्यात मुरायचा. झुक्कारीने बरंचसं कोरड्यावर उरकलं. खरं सांगतो, मला हे चित्र फारसं आवडत नाही. समोरच्या बाप्तिस्मागृहातलं तेराव्या शतकातलं सोनेरी मोझेइक पाहिलं की तर नाहीच नाही.

विसाव्या शतकात डागडुजीची वेळ आली, तेव्हा चित्र पुसून ब्रुनेलेस्कीचा कोरा घुमट परत आणा म्हणणारेही होते. मूळ रूप! पण चित्र राखलं, साफ केलं, १९९५पर्यंत काम चाललं. चारशे वर्षं लोकांनी मान वर करून पाहिलेली गोष्ट ‘नंतरची’ म्हणून टाकाऊ कशी ठरवायची?

फरशी आणि ग्रॅनाइट खुशाल काढा. पण तेलरंगाखाली थेट दगडच आहे, हे कुणी तपासलं? मराठेशाहीत भिंतींना चुन्याचा गिलावा देऊन चित्रं काढत. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात ती आजही दिसतात. तारेच्या ब्रशला तेलरंग काय आणि चुना काय.

हे ग्रुपवर लिहिलं, तर एका काकांचं उत्तर आलं, “इटलीत बसून सल्ले नकोत, वर्गणी किती ते सांग.” वर्गणी केव्हाच दिलीय, काका.

कालच्या व्हिडिओत सभामंडपाच्या कोपऱ्यात तांबडा डाग दिसला, पागोट्यासारखा. दादाला फोन केला.

“शेंदूर असंल रे.”

असेलही. तेवढा कोपरा सोड, उजेडात फोटो काढ, म्हटलं. बघतो म्हणाला. ग्राइंडरवाला सकाळी आठला येतो.