खुलासा : वास येतो म्हणून पाणी विषारी नाही
भूकंपानंतर टँकरच्या पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणजे ते विषारी आहे, असा मेसेज फिरतोय. खरं नाही. तो वास जंतू मारायला टाकलेल्या क्लोरीनचा. आपत्तीतल्या मदतकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय ‘स्फिअर’ मानकांनुसार वाटपाच्या ठिकाणी पाण्यात लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायलाच हवं. उलट नितळ दिसणाऱ्या विहिरीत फुटलेल्या मैलावाहिनीचं पाणी झिरपलेलं असू शकतं.

उग्र वासाची तक्रार मात्र उडवून लावू नये. २० लिटर पाण्यासाठीची क्लोरीनची गोळी ५ लिटरच्या कॅनमध्ये पडली की घशाखाली घोट उतरत नाही. (अनेकदा गोळीच्या पाकिटावरची भाषाच लोकांना येत नसते, हे वाटणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.)

‘तक्रार केली की मदतीच्या यादीतून नाव कापतात’ हेही चूक. मदत गरजेवर ठरते. तसं कुणी धमकावलं, तर आधी तेच कळवा.