‘कूलंटच्या नावाखाली रंगीत पाणी’ या शेऱ्याला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक तारा पाहिला. आमच्या इंदूरच्या दुकानातून रेडी-मिक्स कूलंटच्या लिटरच्या पाच बाटल्या नेल्यात, घरीच बदललंत, तीनच बसल्या, आणि ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात तापमानाचा काटा लालवर गेला. म्हणून आम्ही ‘रंगीत पाणी’ विकतो.

घटकाभर धरू की विकलं. तरी तेवढ्याने त्या दिवशी काटा चढला नसता. उष्णता वाहून न्यायला साधं पाणी कूलंटमधल्या ग्लायकॉलपेक्षा सरसच. रेडिएटरच्या झाकणाने साधारण एक बार दाब धरला, तर ते 120 अंशांच्या आसपास उकळतं. पाण्याचा त्रास वेगळा: गंज आणि क्षार. तो एका सहलीत दिसत नाही.

खरं कारण तुमच्याच शेऱ्यात आहे. काटा उतरावा म्हणून तुम्ही हीटर लावलात (हे बरोबर केलंत), पण हवा गारच आली. दुसऱ्या दिवशी रेडिएटरने पाऊण लिटर पाणी गटकन घेतलं. म्हणजे इंजिनात हवा धरली होती. जाताना घाट उताराचा, इंजिनावर जोर नाही, म्हणून कळलं नाही. येताना चढ लागला.

आता तीन बाटल्यांचं. गार इंजिनाचा थर्मोस्टॅट (रेडिएटरकडची वाट तापल्यावर उघडणारी झडप) बंद असतो. तो बहुतेक गाड्यांत 82 ते 88 अंशांना उघडतो. खालचा प्लग काढला की रेडिएटर रिकामा होतो, ब्लॉकमधलं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य भागातलं, बरंचसं तिथेच राहतं. तुम्ही आधी बोअरिंगचं पाणी भरून इंजिन चालवून फ्लश केलंत, म्हणजे ब्लॉकमध्ये तेच राहिलं. आपल्याकडचं बोअरिंगचं पाणी काय करतं ते घरच्या गीझरची कॉइल काढून बघा. मॅन्युअलप्रमाणे एकूण पाच लिटर, त्यात निम्मं पाणी असलेलं आमचं तीन लिटर. ग्लायकॉलचं प्रमाण तीस टक्क्यांवर आलं.

घरी करायला माझी ना नाही. गाडीचं तोंड चढाला ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, गार इंजिनात झाकण उघडं ठेवून सावकाश ओता, मग इंजिन चालू करा. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) गरम होईपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, पातळी भरत राहा, मग झाकण लावा. सकाळी पुन्हा बघा. घाई केली ती इथेच.

दोन गोष्टी मात्र चिडूनच लिहितो. घाटात तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलंत. दाबाखालचं कूलंट अंगावर उडालं असतं तर हात-तोंड भाजलं असतं. आणि काढलेलं कूलंट घमेल्यात अंगणात ठेवलंत. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. ते आधी झाकणाच्या कॅनमध्ये भरा.

उरलेल्या दोन बाटल्या सीलबंद असतील तर बिल घेऊन या, पैसे परत मिळतील. त्याऐवजी त्याच प्रकारचं दीड लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) न्या. बाटलीवरचा प्रकार जुळवा, रंगावर जाऊ नका, रंग प्रत्येक कंपनीचा आपापला. गार इंजिनातून दीड लिटर काढा, तेवढंच हे भरा, प्रमाण पन्नासच्या जवळ येईल. हवा काढायला दुकानासमोर गाडी लावलीत तर आमचा मुलगा उभा राहील, त्याचे पैसे नाहीत. त्यानंतरही काटा चढला तर थर्मोस्टॅट आणि हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरच्या हेडमधलं सील) तपासावं लागेल, ते गॅरेजचं काम.