मिलानची थोर बाळे आणि कोथरूडचा भाचा

माझा सव्वीस वर्षांचा भाचा कोथरूडला आईवडिलांच्या घरी राहून हिंजवडीला नोकरी करतो. त्याला बाणेरला मित्रांबरोबर भाड्याने राहायचे आहे. गावातच स्वतःचे घर असताना दरमहा भाडे भरण्यात कसले शहाणपण, असा माझ्या मेहुण्यांचा सवाल आहे. "परदेशात अठरा वर्षांची झाली की मुले बाहेर पडतात, मामा, तूच सांग यांना," असे म्हणून भाच्याने मला साक्षीला बोलावले. पण मी राहतो इटलीतल्या मिलानमध्ये, आणि इथली साक्ष त्याच्या फारशी कामाची नाही.

'परदेश' असा एक देश नसतो. युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार फिनलंडमधली मुले सरासरी एकविसाव्या वर्षी घर सोडतात, तर इटलीतली तिसाव्या. २००७ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री तोम्मासो पादोआ-स्क्योप्पा यांनी तरुण भाडेकरूंना करसवलत देताना अशा मुलांना 'बांबोच्चोनी', म्हणजे थोराड बाळे, म्हटले आणि देशभर गदारोळ उठला. तो योग्यच होता, कारण इथे पक्की, कायमस्वरूपी नोकरी असल्याशिवाय घरमालक सहसा दारात उभे करत नाहीत आणि तरुणांच्या वाट्याला येतात त्या बहुधा मुदतीच्या नोकऱ्या. मे २०२३ मध्ये मिलानच्या पॉलिटेक्निक विद्यापीठासमोर विद्यार्थ्यांनी भाड्यांविरुद्ध तंबू ठोकले होते. पुण्यात 'बॅचलर्सना जागा नाही' ही पाटी वाचलेल्यांना यातले काहीच नवे वाटणार नाही.

तरीही त्याच वर्षीचा पाविया शहरातला एक खटला माझ्या मनातून जात नाही. पंचाहत्तर वर्षांच्या एका आईने आपल्या चाळिशीतल्या दोन मुलांना घराबाहेर काढावे म्हणून न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. दोघेही कमावते होते. घर मात्र तिच्या निवृत्तिवेतनावर चालत होते आणि घरकामाला दोघांपैकी कोणाचाही हात लागत नव्हता. इटलीच्या दिवाणी संहितेत असे स्पष्ट कलमच आहे, की मूल जोवर कुटुंबात राहते तोवर त्याने ऐपतीप्रमाणे घरखर्चाला हातभार लावला पाहिजे. घर कोणत्या वर्षी सोडावे, याबद्दल त्या कलमात एक शब्द नाही, आणि मला तेच शहाणपणाचे वाटते.

आपल्याकडच्या वादात मात्र सगळा जोर पत्त्यावर असतो. सदाशिव पेठेतल्या खोलीत राहून वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षा देणारा मुलगा घरापासून दूर असतो, पण त्याची खानावळ आणि अभ्यासिकेचे पैसे गावाकडच्या शेतीतून येत असतात (त्याला मी दोष देत नाही, जागाच मोजक्या आहेत). उलट आईवडिलांच्या घरी राहून गृहकर्जाचे हप्ते फेडणारी मुलगी 'अजून घरीच' म्हणून गणली जाते. या दोघांत स्वावलंबी कोण, हे पत्त्यावरून कसे ठरवणार?

म्हणून भाच्याला मी लिहिले, की बाणेरचे भाडे भरण्याआधी सहा महिने विजेचे बिल, किराणा आणि रोजचा रात्रीचा स्वयंपाक आपल्या अंगावर घेऊन पाहा. तो चटकन तयार झाला. नकार आला तो माझ्या बहिणीकडून. इटलीत २०१० मध्ये रेनातो ब्रुनेत्ता नावाच्या मंत्र्यांनी अठराव्या वर्षी घर सोडण्याचा कायदा करावा असे सुचवले होते, आणि तिसाव्या वर्षापर्यंत आपले अंथरूण आईच आवरत होती अशी कबुलीही दिली होती. बहिणीला मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा ती मनापासून हसली आणि म्हणाली, "त्याला जायचे तर खुशाल जाऊ दे बाणेरला, पण माझ्या ओट्यापाशी मी त्याला उभा राहू देणार नाही."