शरदातलं अस्वल सुस्त नसतं

गेले काही दिवस अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. मला तो चार ठिकाणांहून आला, त्यातला एक माझ्या मावसबहिणीकडून. ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सासू-सासऱ्यांना घेऊन यलोस्टोन या अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानात निघाली आहे. मजकूर थोडक्यात असा: "यलोस्टोनला जायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच जा. अस्वलं तेव्हा पोट भरून झोपेच्या तयारीत असतात, सुस्त असतात, अगदी जवळून फोटो मिळतात. लांडगे माणसाला घाबरतात, काही करत नाहीत. रेंजर लोक उगाच घाबरवतात, इतक्या वर्षांत किती जणांना काय झालंय? पायवाटेवर चालताना घुंगरू बांधा आणि अस्वल आलंच तर झाडावर चढा."

यातलं पहिलं वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच हा मेसेज लोकांना पटतो. शरदात जाच. मी डेन्व्हरला राहतो आणि गेली अकरा वर्षं सप्टेंबरच्या शेवटी तिथे जातो. गर्दी ओसरलेली असते, गवत पिवळं पडलेलं असतं, एल्क ही मोठी हरणं माजावर असतात आणि त्यांच्या नरांची शिट्टीसारखी लांब आरोळी पहाटे दरीभर ऐकू येते. पुढची वाक्यं मात्र एकेक करून तपासायला हवीत, कारण त्यांच्यावर विसंबून कोणीतरी गाडीतून खाली उतरणार आहे.

"अस्वलं पोट भरून सुस्त असतात." नेमकं उलट आहे. वर्षभरात अस्वल सगळ्यात जास्त भुकेलेलं असतं ते याच दिवसांत. या अवस्थेला हायपरफेजिया म्हणतात. दिवसाचे वीस-वीस तास खाणं, वीस हजार कॅलरीपर्यंत पोटात ढकलणं, दिवसाला किलो-सव्वा किलो वजन चढवणं, हे सगळं शरदातलं काम. पुढे चार-पाच महिने ते गुहेत अन्नपाण्यावाचून काढणार असतं. यलोस्टोनमधली बहुतेक ग्रिझली, म्हणजे मोठी तपकिरी अस्वलं, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत गुहेत जातात, गाभण माद्या आधी आणि नर शेवटी. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्हाला जे अस्वल दिसेल ते झोपाळलेलं नसेल. ते कामात बुडालेलं असेल.

दोन वर्षांपूर्वी लामार खोऱ्यात मी एक ग्रिझली चाळीस मिनिटं पाहिलं. सकाळचे सात वाजले असतील, गवतावर दहिवर गोठलेलं. अस्वल समोरच्या उतारावर, आमच्यापासून मैलभर तरी लांब होतं. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी आपला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवरची दुर्बीण, माझ्याकडे वळवला आणि मला म्हणाले, बघ, खणतंय. पुढचे दोन्ही पंजे जमिनीत, खांद्यावरचा उंचवटा थरथरतोय, मातीची ढेकळं मागे उडताहेत. जमिनीखाली राहणाऱ्या गोफरांनी हिवाळ्यासाठी साठवलेली कंदमुळं ते लुटत होतं. चाळीस मिनिटांत त्याने मान दोनदा वर केली असेल. उंचावरच्या जंगलात हीच अस्वलं लाल खारींनी जमवलेले व्हाइटबार्क पाइनचे कोन उकरून त्यातल्या बिया खातात.

आता या खाण्याला इतकं महत्त्व का, तेही सांगतो. अस्वलांचं मीलन उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतं, पण फलित बीज लगेच गर्भाशयात रुजत नाही. ते शरद संपेपर्यंत थांबून राहतं. मादीच्या अंगावर पुरेशी चरबी चढली तरच ते रुजतं आणि ऐन हिवाळ्यात, गुहेतच, पिल्लं जन्माला येतात. चरबी कमी पडली तर त्या वर्षी पिल्लं नाहीत. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमधला खाण्याचा एकेक तास तिच्या पुढच्या पिल्लांच्या हिशोबात धरलेला असतो.

एकदा हेडन खोऱ्यात माझ्यासमोर एक कुटुंब गाडीतून उतरून उकरण्यात गुंतलेल्या मादीकडे चालत गेलं. सोबत तिची दोन पिल्लं. ते मराठीत बोलत होते, "अजून थोडं पुढे, अजून थोडं पुढे" हे मला स्पष्ट ऐकू आलं. मी हाका मारल्या, पण वारा उलट होता. मादीने उकरणं थांबवलं, मान वर करून पाहिलं आणि पिल्लांना घेऊन झाडीत निघून गेली. कोणाला काही झालं नाही. त्यांना फोटोही मिळाला. पण तिचं ते अर्धवट उकरलेलं खाणं तिथेच राहिलं, आणि तासभर वाट पाहूनही ती परतली नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं.

"रेंजर उगाच घाबरवतात, किती जणांना काय झालंय?" आकडे बघा, मग कळेल. १९३१ ते १९६९ या काळात यलोस्टोनमध्ये अस्वलांमुळे दरवर्षी सरासरी ४८ माणसं जखमी व्हायची. तेव्हा लोक गाडीच्या खिडकीतून अस्वलांना खायला घालत आणि उद्यानातल्या कचऱ्याच्या ढिगांवर अस्वलं जेवायला येत. १९७० पासून उद्यानाने धोरण बदललं: ढीग बंद झाले, खायला घालण्यावरची बंदी कडकपणे लागू झाली, कचऱ्याच्या पेट्या अस्वलाला उघडता येणार नाहीत अशा झाल्या. आता सरासरी वर्षाला एखादा माणूस जखमी होतो. त्यातही रस्त्यावरून आणि लाकडी फळ्यांच्या वाटांवरूनच फिरणाऱ्यांसाठी हा धोका सुमारे सहा कोटी भेटींत एक इतका नगण्य आहे. आडरानात पायी भटकणाऱ्यांसाठी मात्र तो सव्वादोन-अडीच लाख दिवसांमागे एक, म्हणजे कित्येक पटींनी जास्त. आजचा छोटा आकडा हा त्या "उगाच घाबरवण्याचा"च परिणाम आहे. नियमामुळे अपघात कमी झाले, आणि आता अपघात कमी आहेत म्हणून नियम नको, हे कसलं तर्कशास्त्र?

नियम साधा आहे. अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर. गव्यासारखे बायसन, एल्क वगैरेंपासून २५ यार्ड. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची असते. साडेचार खेळपट्ट्या एकापुढे एक मांडा, तेवढं अंतर. तेही जमत नसेल तर हात लांब करून, एक डोळा मिटून अंगठा अस्वलापुढे धरा. अंगठ्याआड अख्खं अस्वल झाकलं गेलं नाही तर तुम्ही फार जवळ आहात. आणि हे नुसतं सांगणं-सवरणं नाही, हा कायदा आहे. मे २०२१ मध्ये एक बाई पिल्लं असलेल्या ग्रिझलीचे फोटो काढत उभी राहिली. बाकीचे लोक मागे सरले, गाड्यांत बसले, ती हलली नाही, आणि अस्वल तिच्यावर धावून आलं. ते मध्येच वळलं म्हणून ती वाचली. कोर्टाने तिला चार दिवस कोठडी आणि हजार डॉलर दंड ठोठावला, वर्षभर उद्यानात यायला बंदी घातली.

बायसनचं नाव मेसेजमध्ये नाहीच. यलोस्टोनमध्ये सर्वांत जास्त माणसं जखमी होतात ती बायसनमुळे. गाईसारखा दिसतो म्हणून लोक जवळ जातात.

"घुंगरू बांधा, झाडावर चढा." हे आपल्या शाळेतल्या दोन मित्र आणि अस्वलाच्या गोष्टीतून आलं असावं. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा मेल्याचं सोंग घेतो. गोष्ट म्हणून छान आहे. प्रत्यक्षात काळी अस्वलं सरसर झाडावर चढतात, ग्रिझलीही चढू शकतात. माझं बालपण विदर्भात गेलं. आपलं अस्वल तर मधाच्या पोळ्यासाठी झाडावर चढतं, मोह वेचणाऱ्या बायांना हे कोणी सांगावं लागत नाही. पळणंही तितकंच चुकीचं, कारण ग्रिझली ताशी पन्नास किलोमीटरहून जास्त वेगाने धावतं. घुंगरांचा आवाज वाऱ्यात आणि ओढ्याच्या खळखळाटात विरतो. माणसाचा आवाज लांब जातो. तिघा-चौघांनी मिळून चाला, मोठ्याने बोला, वळणावर टाळ्या वाजवा, हाक द्या.

आणि बेअर स्प्रे ठेवा, कमरेच्या पट्ट्याला, बॅगेच्या तळाशी नाही. अस्वल धावून आलं तर दहा-पंधरा मीटरवर असताना त्याच्या दिशेने मारायचा. हा तिखटाचा फवारा आहे. ओडोमॉससारखा अंगाला किंवा तंबूला लावायचा नाही. हे लिहितो आहे कारण लोक खरंच लावतात. विमानात तो नेता येत नाही, चेक-इनच्या सामानातही नाही; तिथे पोचल्यावर विकत किंवा भाड्याने घ्यावा. मेल्याचं सोंग हे शेवटचं पाऊल: ग्रिझलीने प्रत्यक्ष पकडलंच तर पालथं पडायचं, हात मानेमागे गुंफायचे, पाठीवरची सॅक काढायची नाही. तरीही हल्ला थांबत नसेल किंवा ते तंबूत शिरलं असेल, तर हाती येईल त्याने झुंजायचं.

"लांडगे काही करत नाहीत." यात अर्धं सत्य आहे, आणि ते मी मान्य करतो: यलोस्टोनमध्ये लांडग्याने माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. पण मेसेज पुढचं सांगत नाही. माणसांना सोकावलेले दोन लांडगे उद्यानाला ठार करावे लागले, एक २००९ मध्ये आणि एक २०११ मध्ये. यातला पहिला गाड्या आणि सायकलींच्या मागे लागायचा. कोणीतरी त्यांना जवळ येऊ दिलं होतं. ज्या उद्यानात १९२६ मध्ये शेवटचे लांडगे मारले गेले, तिथे जानेवारी १९९५ मध्ये कॅनडातून १४ आणि पुढच्या वर्षी आणखी १७ लांडगे आणून सोडले. आज तिथे साधारण शंभर आहेत. अख्ख्या उद्यानात शंभर. त्यातला एक आपल्या फोटोपायी जावा?

शरदात लांडगे बघण्यासारखे असतात याचं कारण वेगळंच आहे. एप्रिलमध्ये जन्मलेली पिल्लं सप्टेंबरपर्यंत कळपाबरोबर फिरण्याइतकी मोठी होतात. गेल्या वर्षी स्लू क्रीकजवळ सूर्योदयाच्या आधी आम्ही दहा-बाराजण स्कोप लावून उभे होतो, सगळे कुजबुजत. आधी ओरडणं ऐकू आलं, एकाचं, मग सगळ्यांचं. मग सेजच्या झुडपांतून सात लांडगे निघाले, चार काळे, तीन करडे. मागून येणारं पिल्लू एल्कच्या कातड्याचा तुकडा तोंडात धरून हवेत उडवत होतं आणि स्वतःच झेलत होतं. स्कोपमध्ये त्याच्या तोंडाची वाफसुद्धा दिसत होती. ते आमच्यापासून सव्वा किलोमीटरवर होतं.

मावसबहिणीला मी फोन केला तेव्हा तिने हेच विचारलं, "इतक्या लांबून आईंना काय दिसणार?" तिला सांगितलं ते इथेही लिहितो. चांगला स्कोप भाड्याने घे. उजाडायच्या आधी लामार खोऱ्यात पोच, गाडी रस्त्यालगतच्या जागेत लाव, जिथे आधीच स्कोप लावून माणसं उभी असतील तिथे. थर्मास आणि कानटोप्या विसरू नकोस, पहाटे पारा शून्याखाली असतो. आईंना घडीची खुर्ची ने. कोणालाही विचारलं, काय दिसतंय, की ते बाजूला सरून आपल्या स्कोपमधून बघू देतात. आणि दिवाळीपर्यंत पुढे ढकलू नकोस. नोव्हेंबर लागला की आतले बहुतेक रस्ते गाड्यांना बंद होतात, उत्तरेकडचा गार्डिनर ते कुक सिटी तेवढा चालू राहतो.

ती निघते आहे तीन तारखेला. मेसेज तिने ग्रुपवरून काढून टाकला.