सावजीच्या नावाखाली नुसतं लाल तेल

हिंगणघाट रोडवर कुठंही थांबा, पाटी 'अस्सल सावजी'चीच. सावजी म्हणजे नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा मटणाचा रस्सा, तो काळपट असते. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल भाजून वाटावं लागते त्याले. इथं मात्र लाल रंग अन् वर बोटभर तेल! मटण चिवट, अर्ध्याच्या वर हाडं. ज्वारीची भाकर मागितली तर पोऱ्या म्हणते, "भाऊ, तंदुरीच हाय." तेही गार. कांदा मागा, पाणी मागा, कोणी ढुंकून पाहत नाही. बिल मात्र हात धुवायच्या आधी टेबलावर. कापूस विकून चार पैसे हाती आले की माणूस लेकराबाळांले घेऊन येते. त्याले नीट शिजलेलं मटणही देता येत नाही? मग 'अस्सल' लिहिता कायले?