अमेरिकेत घर घेताना मताचा भाव बघा

हार्दिक अभिनंदन! शपथ घेऊन झाली, छोटा झेंडा हलवून झाला, नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटोही पडला. आता तुम्ही अमेरिकेचे नागरिक, राष्ट्राध्यक्ष निवडायला मोकळे. राहता कुठे म्हणालात? एडिसन, न्यू जर्सी? अरेरे.

शाळा चांगल्या, ओक ट्री रोडवर कढीपत्त्यापासून साडीपर्यंत सगळं मिळतं, हे कबूल. पण घर दाखवणाऱ्या एजंटाने एक गोष्ट सांगितली नाही. न्यू जर्सी १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटिक उमेदवाराच्याच पदरात पडतं. तुम्ही कोणालाही मत द्या, नाहीतर त्या मंगळवारी घरी पोहे खात बसा. राष्ट्राध्यक्ष ठरतो तो थेट तुमच्या मतावर नाही, तर प्रत्येक राज्याच्या वाट्याला आलेल्या प्रतिनिधींच्या, म्हणजे इलेक्टरांच्या मतांवर; आणि बहुतेक राज्यांत जो जिंकतो त्याच्याच पदरात ती सगळी. म्हणून राज्याची १४ च्या १४ इलेक्टोरल मतं ठरल्या ठिकाणीच जाणार.

तेव्हा गाडी काढा, ट्रेंटनचा पूल ओलांडा आणि डेलावेअर नदीपलीकडे घर बघा. पलीकडे पेनसिल्व्हेनिया. तिथे १९ इलेक्टोरल मतं आणि निकाल कायम काठावर. २०१६ मध्ये ट्रम्प तिथे साधारण ४४ हजार मतांनी जिंकले, २०२० मध्ये बायडन ८० हजारांनी. माणूस तुम्ही तेच, पण पूल उतरलात की तुमच्या मताला भाव येतो.

आणि बडदास्त काय वर्णावी! पेटीत रोज गुळगुळीत पत्रकांचा गठ्ठा, फोनवर मेसेजचा पाऊस, शनिवारी सकाळी दात घासत दार उघडावं तर समोर क्लिपबोर्ड घेतलेली कॉलेजची पोरं. २०२४ च्या ऑक्टोबरात तर खुद्द ट्रम्प यांनी बक्स काउंटीतल्या मॅकडोनाल्ड्समध्ये ॲप्रन बांधून फ्राइज भरून दिले. बक्स काउंटी म्हणजे तोच पुलापलीकडचा भाग. एडिसनला तुमच्यासाठी वडे तळायला कोण आलं होतं? नाही, उमेदवार न्यू जर्सीतही येतात, कॅलिफोर्नियातही येतात. देणग्यांच्या जेवणाला. चेकला राज्याची अट नसते.

काही जण तुम्हाला वायोमिंगला जायचा सल्ला देतील. कागदावर भाव तिथे सर्वांत चढा आहे: पावणेसहा लाख वस्ती आणि ३ इलेक्टर, म्हणजे सुमारे १ लाख ९० हजार माणसांमागे एक. कॅलिफोर्नियात ५४ इलेक्टर असूनही एकामागे सव्वासात लाखांवर माणसं. थोडक्यात, सनीव्हेलचे जवळपास चार मराठी मिळून एक वायोमिंगकर होतो. पण घाई करू नका. वायोमिंग पक्कं रिपब्लिकन, तिथेही कुणी फिरकत नाही. थंडी मात्र फुकट.

घर झालं, आता गणपतीच्या पंगतीत बोलायची तयारी करा. ‘देशभरातली मतं थेट मोजून राष्ट्राध्यक्ष ठरवला तर दोन-चार मोठी शहरंच देश चालवतील’ हे वाक्य पाठ असू द्या. त्यापेक्षा फिलाडेल्फियाच्या दोन-चार उपनगरांनी चालवलेला बरा, हे मनात ठेवा. पूर्वजांच्या दूरदृष्टीबद्दल भरभरून बोला. फक्त १७८७ च्या तपशिलात शिरू नका: गुलामांना मत नाही, पण राज्याची लोकसंख्या मोजताना त्यांचा तीन-पंचमांश हिशेब धरायचा, आणि त्याच हिशेबाने दक्षिणेला जादा इलेक्टर. हा विषय निघालाच तर मोदकाचं ताट पुढे करा.

एखादे काका म्हणतील, आपल्याकडेही राष्ट्रपती असेच निवडतात की. त्यांना दुजोरा देऊन गप्प बसा. तिथे महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आणि सिक्कीमच्या आमदाराचं ७, म्हणजे वजन निदान लोकसंख्येकडे झुकतं, हे त्यांना सांगून सणाचा विचका कशाला करायचा?

डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांना २००० मध्ये देशभरात ५ लाखांहून जास्त मतांची आघाडी होती आणि ते फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी घरी बसले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन २८ लाखांनी पुढे राहून ट्रम्प यांच्याकडून हरल्या. ही उदाहरणं जुनी झाली. नव्या पाहुण्यांना तिसऱ्या क्रमांकाची गोष्ट सांगा. त्याच २०१६ मध्ये लिबर्टेरियन या छोट्या पक्षाचे गॅरी जॉन्सन रीतसर उभे राहिले, ४४ लाखांवर मतं मिळवली, इलेक्टोरल मतं शून्य. माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल उभेच नव्हते. वॉशिंग्टन राज्याच्या तिघा इलेक्टरांना ते आवडले, म्हणून इलेक्टोरल मतांत तिसरे आले.

हे मोडायला निघालेल्यांपासून सावध राहा. काही राज्यांनी आपसांत करार केलाय: आमच्यात मिळून बहुमताला लागणारे २७० इलेक्टर जमले की ते सगळे देशभरात जास्त मतं मिळवणाऱ्याला देऊ. मेरीलँड २००७ मध्ये पहिलं शिरलं, त्याच्या मागून न्यू जर्सीही. सही देऊ नका! तो आकडा भरला तर पुलापलीकडच्या तुमच्या घराचा राजकीय भाव एका रात्रीत कोसळेल. ही पद्धतच रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीची मात्र भीती नको. १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली होती; सिनेटने पुढच्या वर्षी भाषणं करकरून तिला झोपवलं. शिवाय ३८ राज्यांची संमती लागते, म्हणजे जादा वाटा मिळणाऱ्यांनाच विचारायचं, थोडा परत देता का?

राहता राहिलं तुमचं स्वतःचं मत. यात ट्रम्प यांचा कित्ता गिरवा. २०१२ मध्ये त्यांनी ट्विटरवर इलेक्टोरल कॉलेजला, म्हणजे इलेक्टरांच्या याच पद्धतीला, लोकशाहीवरची आपत्ती म्हटलं होतं. २०१६ मध्ये स्वतः जिंकल्यावर आठवड्याभरात तीच पद्धत त्यांना अफलातून वाटली. निकालाच्या रात्री आधी पेनसिल्व्हेनियाचा आकडा येऊ द्या, मग तत्त्व ठरवा.